वार्धक्याची तरतूद आणि मिळकतीचे कागद

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आगाशी, निर्मळ, नंदाखाल, गास ही गावे केळीच्या बागा, पानवेली आणि फुलवाड्या यांसाठी पूर्वापार ओळखली जातात. १९९० मध्ये या परिसराच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले आणि ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. या दोन घटनांच्या दरम्यान वाडीच्या जमिनीचा अर्थच बदलून गेला. जी जमीन घरापुरते उत्पन्न देत होती तिची किंमत चौरस फुटांच्या हिशेबाने होऊ लागली. ती वाडी राखणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ही माणसे संपन्न दिसतात. परंतु रात्री उशाशी बसणाऱ्या मदतनिसाचा पगार सातबारा देत नाही.

रेल्वेमार्गालगतच्या नालासोपारा व विरार येथे स्थिती निराळी आहे. मुंबईच्या गिरणगावातील अनेक कुटुंबे, विशेषतः १९८२ च्या संपानंतर, येथे येऊन राहिली. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम घालून दोन खोल्या घ्यावयाच्या, उरलेले कर्ज मुलाच्या पगारावर काढावयाचे आणि म्हणून सदनिका मुलाच्या एकट्याच्या नावावर करावयाची, हा येथील नेहमीचा परिपाठ. तालुक्याच्या पूर्वेकडील आदिवासी पाड्यांवर तर मिळकत ही बाब फारशी संभवतच नाही. तेथे प्रश्न असतो तो दरमहाच्या आधाराचा.

या तिन्ही ठिकाणी म्हातारपणी देखभाल घरातच व्हावी अशी अपेक्षा असते आणि बहुधा ती पूर्णही होते. जेथे ती होत नाही तेथे वृद्धास पुढे काय करता येईल, हे बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर अवलंबून राहते. त्याने कोणता कागद, कोणत्या शब्दांत आणि केव्हा करून दिला, ही ती गोष्ट होय. हे कागद करताना वृद्ध मंडळी सल्ल्यासाठी वकिलाकडे क्वचितच जातात. गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा कार्यालयातील ओळखीचा कर्मचारी यांनाच ते विचारतात. त्यामुळे या मंडळींना कायद्याची ही बाजू माहीत असणे अगत्याचे ठरते.

बक्षीसपत्राची घाई

समजा, वसईतील एका वाडीमालकाचे वय ७६ वर्षांचे आहे आणि पत्नी निवर्तली आहे. थोरला मुलगा म्हणतो, “बाबा, मागाहून वारसाच्या नोंदीचा घोळ नको. तुमच्या हातानेच नावावर करून टाका.” त्याच्या म्हणण्यात कपट असेलच असे नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मृत मुलाची पत्नी यांच्या नावे होणाऱ्या निवासी व शेतजमिनीच्या बक्षीसपत्रावरील मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये केले. स्थानिक अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. कुटुंबातील हस्तांतरण उघडपणे व नोंदवून व्हावे, या चांगल्या हेतूने ही सवलत देण्यात आली. मात्र खर्चाचा अडसर दूर झाला की विचाराचा अवधीही कमी होतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एका सकाळी हे काम उरकते.

या दस्तऐवजाचा परिणाम काय होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या साक्षीने नोंदणीकृत व्हावे लागते. घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारले की मालकी त्याच क्षणी पालटते. दुसऱ्या दिवसापासून वडील मुलाच्या घरात राहत असतात. मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. छापील नमुन्यात बहुधा “प्रेमापोटी, स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता” असे शब्द असतात. पुढे वाद उद्भवल्यास हेच शब्द देणाऱ्याच्या विरुद्ध वाचले जातात.

येथे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ उपयोगी पडतो. महाराष्ट्रात हा कायदा १ मार्च २००९ पासून अंमलात आला आणि त्याचे नियम २०१० मध्ये करण्यात आले. कायद्याच्या कलम २३ नुसार, ज्येष्ठ नागरिकाने आपली मूलभूत गरज व सोयी घेणाऱ्याने पुरवाव्यात या अटीवर मिळकत दिली असेल आणि घेणाऱ्याने ती पुरविण्यास नकार दिला अथवा कसूर केली, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाने झाले असे मानले जाते. ज्येष्ठाची इच्छा असल्यास न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. हे संरक्षण मोठे आहे. पण “या अटीवर” हे शब्द त्याचा पाया आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय यासंदर्भात शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या हरियाणातील प्रकरणात ६ डिसेंबर २०२२ रोजी न्यायालयाने असे सांगितले की, सांभाळ करण्याची अट हस्तांतरणास जोडलेली होती हे दाखविता आले पाहिजे. आप्तांच्या नावे मिळकत करून दिली, एवढ्यावरून अट गृहीत धरता येत नाही. त्या प्रकरणात हक्कसोडपत्र रद्द करणारा न्यायाधिकरणाचा आदेश टिकला नाही. उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या मध्य प्रदेशातील प्रकरणात मात्र मुलाने बक्षीसपत्राबरोबरच एक वचनपत्र लिहून दिले होते आणि आईच्या सांभाळाची हमी त्यात होती. २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने कायद्याचा हेतू लक्षात घेऊन त्याचा उदार अर्थ लावला, बक्षीसपत्र रद्द केले आणि मिळकतीचा ताबा आईस परत देण्यास सांगितले. आवश्यक तेथे ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, हेही त्यात स्पष्ट झाले. दोन्ही वृद्ध स्त्रियांची तक्रार पाहता फरक फारसा नाही. फरक पडला तो कागदाचा.

तेव्हा बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर देणाऱ्याच्या हयातीपर्यंत त्याचा निवास, भोजन, औषधोपचार व शुश्रूषा यांची जबाबदारी घेणाऱ्याने स्वीकारली आहे आणि याच अटीवर मिळकत दिली जात आहे, असे वाक्य दस्ताच्या अंगातच असले पाहिजे. असे वाक्य सुचविणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखविणे, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. ज्याला सांभाळ करावयाचाच आहे, त्याला ते लिहून देण्यात अडचण वाटण्याचे कारण नाही. आणखी एक मार्ग आहे. देणाऱ्याने मालकी द्यावी, परंतु स्वतः हयात असेतो राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवावा. असे बक्षीसपत्र वैध असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेणिकुंतला राजम्मा प्रकरणात मान्य केले आहे. वाडीतील केळी व फुले यांचे उत्पन्न ज्यांच्या उपजीविकेचे साधन आहे, त्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे.

हक्कसोडपत्राच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावयास हवी. पतीच्या पश्चात विधवेचा जो हिस्सा येतो तो मुलांच्या नावे सोडून देण्याची प्रथा येथे रुजलेली आहे. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसांची नोंद होण्यापूर्वीच सह्या घेतल्या जातात. वार्धक्यातील तिची एकमेव शिदोरी त्या सहीने जाते. तिच्या सांभाळाची अट लिहावी असे तेथे जमलेल्यांपैकी कोणी सहसा सुचवीत नाही.

मृत्युपत्र

मृत्युपत्राने मिळकत मालकाच्या मृत्यूनंतरच जाते. तोवर ती त्याचीच राहते आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. ज्यांना देखभालीची हमी हवी आहे, त्यांच्यासाठी बहुतेक प्रसंगी हाच कागद श्रेयस्कर आहे. त्याला मुद्रांक शुल्क नाही व नोंदणीचीही सक्ती नाही. तथापि, नोंदणी केलेली बरी. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. वय अधिक असल्यास त्याच सुमाराचे, शुद्ध मनःस्थितीविषयीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत ठेवण्याची पद्धत योग्य आहे.

वसईच्या संदर्भात एका तपशिलाकडे लक्ष वेधणे जरूर आहे. येथील ख्रिस्ती समाजाला वारसाहक्काच्या बाबतीत १९२५ चाच कायदा लागू आहे. त्यातील कलम ६७ नुसार मृत्युपत्राचा साक्षीदार असलेल्या व्यक्तीस किंवा तिच्या पती-पत्नीस त्या मृत्युपत्राने काही दिले असेल, तर ते देणे निष्फळ ठरते. हिंदूंच्या मृत्युपत्रास हे कलम लागू नाही. घरातल्याच मुलाची किंवा जावयाची साक्ष घेण्याची सवय ख्रिस्ती कुटुंबास म्हणूनच महाग पडते. मुस्लिम व्यक्तीस वारसांच्या संमतीखेरीज मिळकतीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग मृत्युपत्राने देता येत नाही. हिंदू व्यक्तीस वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील केवळ आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. मुलींचा हिस्साही त्यात धरावा लागतो, कारण महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायाद म्हणून हक्क दिला आहे. हिश्श्याबरोबर कर्तव्यही येते. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांवर सारखीच टाकलेली आहे. भावाने सांभाळावे आणि बहिणीने हिस्सा मागू नये, हा जुना सौदा कायद्याला ठाऊक नाही.

नामनिर्देशनाविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. बँकेत किंवा सोसायटीत ज्याचे नाव लावले तो मालक झाला, असे अनेकजण समजतात. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांच्या वतीने. भागपत्रांच्या संदर्भात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ही सोय चांगली आहे. परंतु ती मृत्युपत्राची जागा घेत नाही.

सदनिका मुलाच्या नावावर असेल तर

नालासोपारा-विरारच्या सदनिकांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे वडिलांनी काही करून दिलेलेच नसते. पैसा त्यांचा, करारनाम्यावर नाव मुलाचे. सर्व सुरळीत असेपर्यंत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. समजा, मुलाचाच अकाली मृत्यू झाला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे. तिला सून व नातवंडांबरोबर हिस्सा मिळतो. वडील मात्र दुसऱ्या वर्गात येतात, म्हणून पत्नी, मुले वा आई हयात असताना त्यांना वारस म्हणून काहीही मिळत नाही. ख्रिस्ती कुटुंबात तर विधवेस एकतृतीयांश व मुलांना दोनतृतीयांश असा वाटा पडतो आणि मृताला मुले असल्यास आई व वडील या दोघांनाही वगळले जाते. २००७ च्या कायद्यातील “मुले” या शब्दात सुनेचा अंतर्भाव नाही, म्हणून तिच्यावर निर्वाहाचा अर्जही सहसा चालत नाही. हिंदूंसाठी १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात मृताच्या मिळकतीतून त्याच्या आईवडिलांना निर्वाह मिळण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

या सर्वांवर उपाय साधा आहे आणि तो खरेदीच्या वेळीच करावयाचा आहे. जितकी रक्कम वडिलांनी घातली तितक्या हिश्श्यापुरते त्यांचे किंवा आईचे नाव करारनाम्यात व सोसायटीच्या भागदाखल्यावर असावे. बँकेला कर्जासाठी मुलाचा पगार लागतो. मालकी त्याच्या एकट्याची असावी असा तिचा आग्रह नसतो.

सून आणि सासू-सासरे यांच्यातील वादात न्यायाधिकरणास आणखी एका कायद्याचे भान ठेवावे लागते. १५ डिसेंबर २०२० रोजी एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सरसकट डावलता येणार नाही. मुलाने आईवडिलांच्या नावाने अर्ज करवून पत्नीस घराबाहेर काढण्याचे प्रकार लक्षात घेता हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

भान हरपण्यापूर्वी

दीर्घकालीन शुश्रूषेचा विचार करताना सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे निर्णयशक्ती गमावण्याची शक्यता. स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा अपघातानंतरची बेशुद्धी यांमुळे मनुष्य जिवंत असतो, त्याची ठेव बँकेत असते, पण धनादेशावर सही करणारा कोणी नसतो. अशा वेळी कुटुंबातील लोक कुलमुखत्यारपत्र पुढे करतात. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मूळ व्यक्तीचे मन विकल झाले की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या प्रसंगासाठी कागद करून ठेवला, नेमक्या त्याच प्रसंगी तो निकामी होतो. काही देशांत अशा अवस्थेतही टिकून राहणारे मुखत्यारपत्र कायद्याने मान्य केले आहे. भारतात तशी तरतूद नाही. रुग्णाच्या मिळकतीसाठी पालक नेमून घेण्याकरिता उच्च न्यायालयाकडे जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या रुग्णांच्या बाबतीत जवळच्या आप्तांना अशी परवानगी दिलेली आहे. परंतु तोवरचा खर्च कोठून भागवावयाचा?

यावर व्यवहारी तोड म्हणजे दरमहाच्या खर्चाचे खाते पती-पत्नी किंवा विश्वासाचे अपत्य यांच्यासह संयुक्त ठेवणे आणि “दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो” अशी सूचना बँकेस देऊन ठेवणे. संपूर्ण पुंजी अशा खात्यात ठेवू नये. काही महिन्यांच्या शुश्रूषेला पुरेल इतकीच रक्कम त्यात असावी. हात थरथरत असल्याने सही जुळत नसेल, तर बँक अंगठ्याचा ठसा साक्षीदारांसमक्ष स्वीकारते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सत्तरीवरील ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याविषयी सूचना दिल्या आहेत. शाखेत त्यांचा उल्लेख केल्यास काम सुकर होते.

पैशाच्या मांडणीविषयी थोडक्यात सांगता येईल. पोस्टातील व बँकांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये आहे आणि तिचे व्याज दर तिमाहीस हाती येते. वाडीचा एखादा तुकडा विकून आलेली रक्कम मुलाच्या व्यवसायात घालण्याआधी या योजनेचा विचार व्हावा. घर तारण ठेवून हयातीत बँकेकडून हप्ते घेण्याची रिव्हर्स मॉर्गेज योजना राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये आखून दिली. कर्जाची फेड मालकाच्या पश्चात होते आणि वारसांना पैसे भरून घर सोडविता येते. ती राहत्या घरासाठी असल्याने शेतजमिनीला लागू नाही. सदनिकेसाठीही इमारत अधिकृत व हक्क निर्वेध असावा लागतो. नालासोपारा पूर्व येथील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या प्रारंभी पाडण्यात आल्या, हे लक्षात घेता या अटीचे महत्त्व येथील रहिवाशांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आरोग्य विम्यासंबंधी एक भेद ध्यानात ठेवावा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डाद्वारे कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे आहे. घरी परतल्यानंतर कूस बदलविणारी, भरविणारी, आंघोळ घालणारी जी व्यक्ती लागते, तिच्या वेतनाची तरतूद त्यात नाही. वर्षानुवर्षे चालणारा खर्च हाच असतो.

न्यायाधिकरणापुढे

घरातील समजुतीने भागले नाही, तर ६० वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठास किंवा कोणत्याही वयाच्या आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वसईकरांना त्यासाठी वसईच्याच प्रांत कार्यालयात जावयाचे असते. अर्जासाठी वकील लागत नाही. अर्जदार स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरणास स्वतःहूनही दखल घेता येते. प्रथम समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची सोय आहे आणि अनेक वाद तेथेच मिटावेत अशी अपेक्षा आहे. अर्जाचा निर्णय नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत व्हावयाचा असतो. तोपर्यंत अंतरिम निर्वाहाचा आदेशही देता येतो. आदेश पाळला नाही तर वसुलीचे वॉरंट व एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. अपील साठ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे पालघर येथे, करावयाचे असते. अपत्यहीन ज्येष्ठास, त्याची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो.

या कायद्याची एक उणीव सांगितली पाहिजे. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये अशी २००७ मध्ये ठरली, ती आजही तशीच आहे. पूर्णवेळ मदतनीस ठेवावा लागणाऱ्या रुग्णाचा खर्च इतक्यात भागत नाही. ही मर्यादा काढून टाकणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. त्यामुळे ज्यांच्यापाशी मिळकत आहे त्यांनी निर्वाहाच्या आदेशावर विसंबण्यापेक्षा मिळकत हाती राखणे अधिक हिताचे आहे.

ज्यांच्यापाशी मिळकतच नाही, त्यांच्यासाठी तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखा हे ठिकाण आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील निराधारांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. पूर्वेकडील पाड्यांवर अडचण येते ती वयाच्या पुराव्याची. ज्यांची जन्मनोंद नाही त्यांच्या बाबतीत शाळेच्या जुन्या दाखल्याचा किंवा मतदार यादीचा शोध घेऊन देणे हे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य सहज करू शकतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली आहे.

स्थानिक संस्थांचे काम

ज्येष्ठांच्या बाबतीत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या अधिकारात काही करावयाचे ठरविल्यास वाव आहे, हे लातूर जिल्हा परिषदेने दाखवून दिले. आईवडिलांचा सांभाळ न करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांना देण्याचा ठराव तिने २०२० मध्ये केला. पगारदार मुलापुरताच हा उपाय चालतो, हे खरे. पण तक्रार करण्यास घाबरणाऱ्या पालकांना त्याने एक सोपे दार उघडून दिले. पोलीस ठाण्यांनीही आपल्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी अद्ययावत ठेवावयाची आहे. वसई-विरारसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यरत आहे. मुले परदेशी अथवा परगावी गेलेल्या वाड्यांतील घरांची नावे या यादीत आहेत की नाहीत, हे प्रभागातील कार्यकर्त्यांनी पाहावे. राष्ट्रीय पातळीवरील १४५६७ हा मदत क्रमांकही ज्येष्ठांच्या तक्रारींसाठीच आहे.

एक नवे काम मात्र महानगरपालिका व ग्रामपंचायती या दोहोंकडे आले आहे आणि त्याची माहिती अद्याप फार थोड्यांना आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत केवळ यंत्रांच्या साहाय्याने आपले आयुष्य लांबवू नये, अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. प्रारंभी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे, म्हणून प्रत्यक्षात तो कागद कोणी करीतच नव्हते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने पद्धत सुलभ केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की पुरे. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या आप्तांची नावे त्यात द्यावयाची असतात. प्रत्यक्ष निर्णय रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानंतरच होतो, त्यामुळे घाईने काही घडण्याची भीती नाही. या इच्छापत्राची एक प्रत स्थानिक संस्थेकडे द्यावयाची असून ती सांभाळण्यासाठी महानगरपालिका, नगरपालिका व पंचायत यांनी सक्षम अधिकारी नेमावा, असे न्यायालयाने सांगितले आहे. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केल्यानंतर राज्यातील स्थानिक संस्थांत अशा अभिरक्षकांच्या नेमणुका झाल्या. अर्नाळ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतील वृद्धाने असा कागद आणून दिला, तर तो स्वीकारून पोच द्यावयाची, नोंदवहीत क्रमांक टाकावयाचा आणि रुग्णालयाकडून विचारणा झाल्यास कागद खरा असल्याची खात्री करून द्यावयाची, एवढेच अभिरक्षकाचे काम आहे. त्याचे नाव व बसण्याची जागा कार्यालयाच्या फलकावर लिहिलेली असावी.